गाठीतले जिवाणू कैदी आहेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

मुळांवरच्या गाठींबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. रायझोबियम (शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल असं करून देणारे जिवाणू) आणि झाड यांच्या नात्याला मी ‘मैत्री’ म्हटलं ते भाबडेपणाचं आहे, झाड जिवाणूंना कोंडून राबवतं, ही सरळ गुलामगिरी आहे, हा पहिला. ‘शेंगवर्गीय पीक जमिनीत नत्र सोडून जातं’ हे वाक्य चूक आहे, हा दुसरा. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

ते वाक्य मी घाईत लिहिलं. गाठीत तयार झालेलं नत्र आधी झाडाच्याच कामी येतं आणि दाणे भरताना त्यातलं बरंचसं शेंगांत जातं. दाणे काढून नेले की नत्रही गेलं. सोयाबीनसारख्या पिकात कधी कधी हवेतून जितकं घेतलं त्याहून जास्त नत्र दाण्यांतून बाहेर जातं, म्हणजे जमिनीच्याच खात्यातून उचल होते. मागे राहतात पाला, मुळं आणि गाठी. ते कुजल्यावर जे मिळेल ते पुढच्या पिकाचं. हिरवळीचं खत म्हणून फुलोऱ्यात अख्खं पीक गाडलं तर गोष्ट वेगळी. ‘मैत्री’ हा शब्दही मागे घेतो, तो लाडिकच होता.

गुलामगिरी मात्र पटत नाही. दार कोण ठोठावतं ते बघा. मुळं फ्लॅव्होनॉइड्स नावाची रसायनं मातीत सोडतात. त्याची चाहूल लागली की जिवाणू नॉड फॅक्टर नावाचे रेणू सोडतो. झाडाला ते ओळखीचे वाटले तरच मूळरोम आकडीसारखा वळतो, जिवाणूला कवेत घेतो आणि त्याला आत न्यायला एक बारीक नळी तयार होते. वाटाण्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही. आत शिरायची किल्ली जिवाणूच्याच जनुकांत आहे. आणि बाहेर त्याचं काही अडत नाही: बायरिंक या डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये गाठीतले जिवाणू वेगळे काढून बाहेर वाढवून दाखवले होते.

गाठ सहसा एकदोन जिवाणूंपासून सुरू होते आणि आत त्यांची संख्या लाखोंच्या घरात जाते. सोयाबीनची किंवा घेवड्याची गाठ कुजली की त्यातले बरेच जिवंत मातीत परततात. वाटाणा आणि लसूणघास यांच्याबाबतीत मात्र तुमचा शब्द बराच जवळ येतो. तिथे झाड काही खास पेप्टाइड्स (प्रथिनांचे छोटे तुकडे) सोडून जिवाणूंना फुगवतं, त्यांची विभाजनाची ताकद कायमची जाते. पण त्याच गाठीत न बदललेली त्यांची भावंडंही असतात आणि ती मातीत परततात. मला हे कैद्यापेक्षा पोळ्यातल्या कामकरी माशीसारखं वाटतं. ती स्वतः वंश वाढवत नाही, पण तिचा वंश वाढतो.

झाड दयाळू आहे असं मी म्हणत नाही. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूचे किमान १६ रेणू खर्ची पडतात, आणि त्याची साखर झाडाच्या खिशातून जाते. म्हणून झाड हिशेब ठेवतं. २००३ साली टोबी कीर्स या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतलं नत्र काढून त्याजागी आर्गॉन भरला. जिवाणूंचा काही दोष नव्हता, पण त्यांच्याकडून नत्र मिळेना. अशा गाठींतल्या जिवाणूंची संख्यावाढ मागे पडली आणि झाडाने त्यांचा ऑक्सिजन आखडता घेतल्याची चिन्हं दिसली. आपली भूक मातीतल्या नायट्रेटवर भागत असेल तर झाड मुळात गाठीच कमी धरतं. युरिया भरपूर टाकून गाठी शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शेवटी तुम्ही विचारलंत की तुमच्या रोपांच्या गाठी आतून पांढऱ्या निघाल्या, त्याचा अर्थ काय. आधी त्या गाठीच आहेत ना ते बघा. सूत्रकृमींनी (मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींनी) केलेली सूज मुळाचाच भाग असते, ओढली तर मूळ तुटतं. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि नखाने अलगद सुटते. ती फोडल्यावर आतला गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो. नायट्रोजनेज हे नत्र फोडणारं जिवाणूंचं विकर (एन्झाइम) मोकळ्या ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून हे प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंना लागेल तेवढाच पुरवतं. पांढरी गाठ एकतर फार कोवळी असते किंवा आतले जिवाणू कामाचे नसतात. पंधरा दिवसांनी त्याच ओळीतलं दुसरं रोप मातीच्या ढेकळासकट उपटा, पाण्यात हलकेच धुवा आणि पुन्हा चारसहा गाठी फोडून बघा.