‘आदिवासींना काय खावे ते कळत नाही’: एका प्रचलित समजुतीचा प्रतिवाद

पावसाळा सुरू झाला आणि पालघर किंवा मेळघाटातून बालमृत्यूची बातमी आली की एक मजकूर हातोहात फिरू लागतो. त्याचा आशय असा: आदिवासी पाड्यांवर आता अन्नाची कमतरता उरलेली नाही, रेशनवर धान्य फुकट आहे, अंगणवाडीत आणि शाळेत आहार मिळतो, आश्रमशाळेत तर राहण्याजेवणाचीच सोय आहे, तरीही मुले खुरटतात, कारण काय खावे हेच या लोकांना कळत नाही, तेव्हा आणखी अन्न देऊ नका, शिकवण द्या. हा मजकूर दुष्ट हेतूनेच पाठवला जातो असे मी म्हणत नाही. स्वतःच्या खिशातून मदत करणाऱ्या, कळकळीच्या माणसांकडूनही तो माझ्याकडे आला आहे, आणि म्हणूनच त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

रेशनचे धान्य फुकट मिळते, हे खरे आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला महिन्याला 5 किलो धान्य मिळते आणि जानेवारी 2023 पासून त्याचे पैसेही पडत नाहीत. परंतु 5 किलो म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम, आणि एवढ्या तांदळातून सहाशेच्या आतच उष्मांक मिळतात. पाण्याचे हंडे वाहणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना मात्र रोज अडीच हजारांच्या आसपास, मुलग्यांना तर त्याहूनही जास्त लागतात. अंत्योदय कार्डावरचे 35 किलो ऐकायला भरपूर वाटतात, पण ते सबंध कुटुंबासाठी असतात आणि सात माणसांच्या कातकरी घरात त्यांचा हिशेब पुन्हा माणशी 5 किलोंवरच येऊन थांबतो. या हक्कात डाळ नाही आणि तेलही नाही. भरड धान्य देण्याची तरतूद कायद्यात आहे, तरी दुकानातून प्रामुख्याने हाती पडतात ते तांदूळ आणि गहू. शंभर ग्रॅम नागलीत, म्हणजे नाचणीत, साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम दहा. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर जी नागली आणि वरई पिकत आली, तिच्या जागी ताटात पांढरा तांदूळ आला, तो पाड्यावरच्या माणसांच्या अज्ञानामुळे नव्हे, तर सरकारी खरेदी आणि वाटप तांदूळ आणि गहू या दोन पिकांभोवती उभे राहिले म्हणून.

अंगणवाडी आणि शाळेबद्दलचे विधान अर्धे खरे आहे आणि हा अर्धेपणाच मला सर्वाधिक सलतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना 2015 मध्ये गरोदर व स्तनदा मातांसाठी सुरू झाली आणि पुढे सहा वर्षांपर्यंतच्या बालकांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी देण्याची सोय तिच्यात आली. ही योजना मोलाची आहे. पण मूल सहा वर्षांचे झाले की त्याचे हे अंडे संपते. शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक अंडे किंवा केळे देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये घेतला आणि जानेवारी 2025 मध्ये अंड्यांसाठीचा राज्याचा निधी थांबवून लोकसहभागातून सोय करण्यास शाळांना सांगितले. आठवी झाली की शालेय पोषण आहारही संपतो. त्यापुढे, शरीर सर्वांत वेगाने वाढत असते त्या वयात, घरी राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला रेशनपलीकडे फारसे काही येत नाही. 14 ते 18 वर्षांच्या किशोरवयीन मुलींसाठी केंद्राची योजना आहे. परंतु ईशान्येची राज्ये वगळता ती आकांक्षित, म्हणजे मागे पडलेले म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांपुरती मर्यादित आहे. महाराष्ट्रात असे चार जिल्हे आहेत: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव. ज्या पालघर आणि मेळघाटाच्या बातम्या वाचून आपण हळहळतो, त्यांतला पालघर जिल्हा या यादीत नाही आणि मेळघाट ज्यात येतो तो अमरावतीही नाही.

शिवाय हे सारे माणूस वर्षभर गावातच असेल असे धरून आखले गेले आहे. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे पाडे रिकामे होऊ लागतात. लोक त्याला स्थलांतर म्हणत नाहीत. ‘जगायला जातो’ म्हणतात. वसई-भिवंडीकडच्या वीटभट्टीवर किंवा बांधकामावर गेलेले कुटुंब पावसाच्या तोंडावर परतते आणि त्या काळात तेरा-चौदा वर्षांची मुलगी बहुधा धाकट्या भावंडांना सांभाळत झोपडीपाशी असते. तिच्या शाळेतले जेवण गावात शिजते आणि ती तिथे नसते.

आश्रमशाळेत मूल नक्कीच जेवते. पण वसतिगृहातल्या थोरल्या विद्यार्थ्यांचे जेवण 2018 मध्ये बंद करून त्याऐवजी खात्यात पैसे देण्याचे धोरण आले, तेव्हा आदिवासी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. खोलीवर स्वयंपाक करायचा की अभ्यास, पैसे उशिरा आले तर जेवायचे काय, हे त्यांचे प्रश्न होते. ज्यांना आहाराचे महत्त्व कळत नाही असे आपण म्हणतो, ती मुले ताटासाठी रस्त्यावर उतरली होती.

आता मूळ आरोप: त्यांना कळत नाही. पहिल्या पावसात उगवणारी शेवळे ही रानभाजी नुसती शिजवली तर घसा खाजतो; म्हणून तिच्यात काकड या झाडाची आंबट फळे घालतात. कडूकंद तसाच खाल्ला तर बाधतो. तो चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मग खाण्याजोगा करतात. कुर्डू, टाकळा, लोत, कोळीभाजी, बांबूचे कोंब, मोहाची फुले यांतले काय कोणत्या पंधरवड्यात मिळते आणि किती घ्यायचे, हे वारली, ठाकर, महादेव कोळी बायकांना पाठ असते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान वाणांचे बियाणे जपले आणि देशाने त्यांना पद्मश्री दिली. अज्ञान हेच कारण असते, तर मजकूर लिहिणाऱ्याने आणखी एक आकडा समजावून सांगायला हवा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पाच वर्षांखालच्या अनुसूचित जमातींच्या मुलांपैकी 40.9 टक्के मुले खुरटलेली आढळली, पण सर्व समाजांची सरासरीही 35.5 टक्के होती. ही सारी घरे काही आदिवासींची नाहीत.

या मजकुरात सत्याचा एक कण आहे आणि तो मी नाकारणार नाही. आईला ठाऊक असलेले पुष्कळसे तिच्या आश्रमशाळेत वाढलेल्या मुलीला ठाऊक नसते, कारण ती वर्षाचे दहा महिने रानापासून दूर असते. पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट मात्र पाड्यापर्यंत पोहोचले आहे. तेव्हा पोषणशिक्षण हवेच. पण सफरचंद आणि पनीर यांची चित्रे भिंतीवर लावून ते होणार नाही. आश्रमशाळेच्या आवारात परसबाग करून, गावातल्या जाणत्या बाईला मानधन देऊन रानभाज्यांची ओळख करून देण्यासाठी वर्गात बोलावून आणि त्याच आठवड्यात ती भाजी व नागलीची भाकरी मुलांच्या ताटात वाढून ते होईल. नंदुरबार-गडचिरोलीत सिकलसेलची तपासणीही याच शिक्षणाचा भाग असली पाहिजे, कारण रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराने आलेला रक्तक्षय पालेभाज्यांनी बरा होत नाही आणि मुलीलाच ‘नीट खात नाहीस’ म्हणून बोल लावला जातो. ‘आणखी अन्न देऊ नका’ हे वाक्य मात्र मजकुरातून काढूनच टाकावे लागेल. किशोरवयीन मुलींची योजना पालघर आणि मेळघाटच्या आदिवासी तालुक्यांना लागू करावी, शाळेतल्या अंड्याचा निधी पुन्हा सुरू करावा आणि रेशन दुकानात नागली व डाळ यावी, ही मागणी शिकवणीच्या आधीची आहे.