बाटली आपटली की पाणी गोठतं, म्हणून त्यात केमिकल?

फ्रीजरमधून काढलेली सीलबंद बाटली टेबलावर आपटली की आतलं पाणी सेकंदात गोठतं, असा एक व्हिडिओ फिरतोय आणि खाली लिहिलंय की हे केमिकलवालं पाणी आहे, पिऊ नका. व्हिडिओ खरा असेलही, पण निष्कर्ष साफ चुकीचा, उलट पाणी स्वच्छ असलं की हे जास्त सहज होतं.

शून्य डिग्रीला पाणी गोठू *शकतं*, गोठेलच असं नाही. बर्फाचा पहिला स्फटिक तयार व्हायला काहीतरी आधार लागतो, धुळीचा कण, भांड्यावरचा ओरखडा वगैरे. तो नसेल तर पाणी उणे पाच-सातलाही द्रवच राहतं, आणि अगदी शुद्ध बारीक थेंब तर उणे ३८ च्या आसपासपर्यंत. फॅरेनहाइटने हे १७२४ मध्येच छापलंय, म्हणजे प्लॅस्टिकची बाटली तेव्हा नव्हतीच! आपटल्यावर पहिला स्फटिक बनतो आणि मग तो भराभर पसरत जातो.

आणि हो, सगळं पाणी गोठत नाहीच. गोठताना ग्रॅममागे ३३४ ज्यूल उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तापमान परत शून्यावर येतं आणि थांबतं, उणे आठच्या पाण्यातलं जेमतेम दहा टक्के बर्फ होतं, बाकी नुसता चिखलासारखा लगदा. झाकण उघडून बघा, पाणी ओतता येईल.