मीच तो रेफरन्स

"अभिनंदन सर, रेफरन्स आलाय!" सकाळी सकाळी फोनवर इतका आनंदी आवाज ऐकला की मला वाटलं, कुठल्यातरी ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्या एका रात्रीत बसल्या. ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. मी वही ओढली, पेन शोधलं आणि विचारलं, "किती खुर्च्या आहेत?"

"खुर्च्या नाही सर, तुम्हीच. तुम्हाला रिटायरमेंट प्लॅनिंग करायचंय ना?"

दुपारपर्यंत मला नवी वेबसाइट, किचन ट्रॉली आणि वजन कमी करण्याचा कोर्स हवा असल्याचंही कळलं. पहिल्या तिघांना मी माफ केलंय. चौथ्याला नाही.

झालं होतं एवढंच, की एका ओळखीच्या माणसाच्या आग्रहाखातर मी एका बिझनेस नेटवर्किंग ग्रुपच्या मीटिंगला पाहुणा म्हणून गेलो होतो. दर आठवड्याला उजाडायच्या सुमारास जमायचं, साठ सेकंदांत उभ्याउभ्या आपला धंदा सांगायचा आणि एकमेकांना गिऱ्हाईकं मिळवून द्यायची. अशा गिऱ्हाइकाच्या नावालाच तिथं 'रेफरन्स' म्हणतात. एका धंद्याला एकच जागा. म्हणजे सीए एकच, वकील एकच, रंगकामवाला एकच. कागदावर हे सगळं इतकं सरळ दिसतं की शंका घेणाऱ्याला आपलाच स्वभाव वाईट असल्यासारखं वाटावं. दारातच माझ्या शर्टाला वेगळ्या रंगाचा बिल्ला लावला गेला. हा खास मान असावा असं मला तेव्हा वाटलं होतं. माल कुठला आणि व्यापारी कोण, हे लांबून कळावं एवढीच त्यामागची सोय होती.

माझ्या शेजारच्या गृहस्थांच्या कार्डावर 'ग्रोथ आर्किटेक्ट' असं छापलं होतं. "म्हणजे आपण नक्की काय करता?" असं विचारलं, तर म्हणाले, "मी लोकांना क्लॅरिटी देतो." आता खरं सांगायचं तर माझं लक्ष त्यांच्या कार्डापेक्षा खुर्चीकडे होतं. तिची गॅस लिफ्ट गेली होती. खुर्चीच्या मधोमध जे नळकांडं असतं, त्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो आणि तोच माणसाला तोलून धरतो. सील झिजलं की गॅस निसटतो आणि खुर्ची बसणाऱ्याला घेऊन अगदी सावकाश, कुणाला न सांगता खाली जाते. गृहस्थ मला धंदा शिकवत होते आणि खाली जात होते.

"तुमचा आयडियल कस्टमर कोण?"

"ज्याची खुर्ची बिघडली तो."

"फार मोघम होतंय. नाव सांगा. कंपनी सांगा, माणूस सांगा."

"कुणाची बिघडेल ते आधी कसं कळणार?"

"इथंच तुम्ही मार खाता," ते म्हणाले आणि बोटभर खाली गेले. "बरं, तुम्ही विकता काय?"

"विकत काही नाही. दुरुस्त करतो."

"चूक! तुम्ही आत्मविश्वास विकता. माणूस खुर्चीवर नाही, आत्मविश्वासावर बसतो."

हे बोलेपर्यंत ते टेबलाच्या कडेपाशी पोचले होते. मग त्यांनी सवयीनं बूड उचललं, लिव्हर ओढली, खुर्ची वर घेतली आणि पुन्हा प्रवासाला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं की वैतागही नव्हता. पावसात छत्री उघडावी इतक्या सहज ते दर थोड्या वेळानं वर येत होते.

"सर, तुमच्या खुर्चीची गॅस लिफ्ट गेलीय," मी शेवटी न राहवून म्हणालो.

"विषय बदलू नका. तुमचा मूळ प्रॉब्लेम सांगू? तुमच्या सर्व्हिसची गरज असलेला माणूस तुम्हाला दिसतच नाही."

तेव्हा त्यांची हनुवटी टेबलाच्या जेमतेम वर होती.

एकदा वाटलं, वाकून खाली बघावं. नळकांडं काढायला पाईप पाना आणि हातोडा पुरे. बसलेलं असतं घट्ट, पण दोन ठोके दिले की सुटतं. तेवढ्यात त्यांनी मायेनं माझी चौकशी सुरू केली. वय काय, वेबसाइट आहे का, घर किती जुनं, स्वयंपाकघराचं काम कधी केलं होतं, पायऱ्या चढताना दम लागतो का. इतक्या आस्थेनं मला अलीकडे डॉक्टरनंही विचारलेलं नाही. मी भडाभडा सांगत गेलो, ते टिपून घेत गेले. मग देवाणघेवाणीची फेरी आली. ते उठले आणि म्हणाले, "आज मी चार रेफरन्स देतोय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. चांगल्या जोरात.

या कल्पनेला शंभराहून जास्त वर्षं झाली, हे मला नंतर वाचून कळलं. 1905 च्या फेब्रुवारीत शिकागोमध्ये पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी यांना जमवून रोटरी सुरू केली. आळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात भेटायचं, म्हणून ते नाव. एका धंद्याचा एकच सभासद आणि आपसात कामं देणं, हे तिथं सुरुवातीला उघडपणे चालायचं. सेवेचा भाग पुढे वाढत गेला. नुसत्या रेफरन्सवर उभी राहिलेली आणि आज देशोदेशी पसरलेली बीएनआय ही संस्था आयव्हन मिस्नर यांनी 1985 मध्ये कॅलिफोर्नियात काढली. मी गेलो तो ग्रुप या दोन्हींपैकी नव्हे. पण शिंप्याला कोळसेवाल्याचं माप मिळालं असेल आणि कोळसेवाल्याची शेगडी शिंप्याच्या घरी पेटली असेल, तर त्यात वावगं काय? चार माणसं असताना सगळं छानच असतं. घोळ होतो तो रेफरन्सची मोजदाद सुरू झाल्यावर. मोजदाद आली की पाटी कोरी ठेवायची लाज वाटते, आणि लाज वाटली की शेजारच्या पाहुण्याला दम लागतो का ते विचारावं लागतं.

ग्रुपनं वर्षभरात सभासदांना किती धंदा मिळवून दिला याचा आकडा भिंतीवर झळकत होता. तो उलाढालीचा आकडा. हातात काय उरलं ते कुणी झळकवत नाही. ठेकेदाराला मोठं काम मिळालं की त्यातलं बहुतेक सिमेंट आणि मजुरीत जातं. सल्लागाराला छोटं काम मिळालं तरी बरंचसं खिशात राहतं. भिंतीवर मात्र ठेकेदार हिरो. शिवाय वेळ कुणी धरतच नाही. मीटिंगचे दोन तास, जाण्यायेण्याचा एक, आणि एकेका सभासदाला वेगळं भेटायचा नियम आहे त्याचा एक. आठवड्याचे चार, पन्नास आठवड्यांचे दोनशे. आठ तासांचा दिवस धरला तर पंचवीस दिवस मी खुर्च्यांना हात न लावता काढायचे. वर्गणी वेगळीच. सगळ्यांनाच हा सौदा वाईट पडतो असं नाही. विमा, हिशेब, घरांची खरेदीविक्री, इंटिरियर यांची कामं मोठी असतात, एखाददुसरं जमलं तरी वर्षाचा खर्च निघतो. माझं काम तासाभराचं, आणि नीट केलं तर गिऱ्हाईक पुढची काही वर्षं तोंड दाखवत नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा 1973 चा एक निबंध या विषयात नेहमी पुढे केला जातो. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्यानं विचारलं, की ती बातमी देणारा तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले सहातले एक. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित दिसणारे. आपल्या रोजच्या माणसांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं. नवी बातमी लांबचा माणूस आणतो. नेटवर्किंगवाले हे मोठ्या अभिमानानं सांगतात आणि मग त्याच तीस-चाळीस चेहऱ्यांना दर आठवड्याला त्याच खोलीत कोंडतात. हे मला काही केल्या झेपत नाही. मला आजवर सर्वांत जास्त कामं दिली ती ऑफिसांतल्या साफसफाईच्या माणसांनी. मोडक्या खुर्च्या कुठल्या जिन्याखाली रचल्यात ते साहेबाला माहीत नसतं, त्यांना असतं. त्यांच्याकडे कार्ड नाही आणि त्यांना कुठल्या ग्रुपात कुणी बोलावतही नाही.

मीटिंग संपल्यावर समितीनं मला बाजूला घेतलं. फर्निचरवाल्या सभासदाची हरकत होती: खुर्ची फर्निचरमध्ये येते, सबब माझी जागा भरलेली आहे. मी म्हटलं, ते नव्या विकतात, मी जुन्या जगवतो. उलट मी त्यांच्या पोटावर पाय देतोय. हे मी बोलायला नको होतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. शेवटी तोडगा निघाला की मी 'एर्गोनॉमिक्स सल्लागार', म्हणजे नीट कसं बसावं ते सांगणारा, म्हणून यावं आणि दुरुस्तीबद्दल फार बोलू नये. मी फक्त एकच विचारलं, गेल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण अजून आहेत? सेक्रेटरी हसून म्हणाले, "आपण पॉझिटिव्ह राहू या ना सर." आणि हेही ऐकवलं, की आठवडाभरात कळवलं नाही तर माझ्या जागी ते दुसरा खुर्चीवाला शोधतील.

जरूर शोधा. सापडला तर आधी माझ्याकडे पाठवा. माझ्या दुकानात कधीपासून एक हाताखालचा माणूस हवाय, आणि तुम्हाला काय हवंय हे सोडून त्या खोलीत मला सगळं विचारून झालं होतं.