सेकंदाला पॅकेट किती, एवढ्यावर पद्धत भारी ठरत नाही

कोल्हापुरात नेटवर्कचं काम करणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं तो प्रोजेक्टला आधार म्हणून घेतायत. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीतल्या कारखान्यांत फायरवॉल निवडणाऱ्यांपर्यंतही तो पोचलाय. (पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटाचा छोटा तुकडा, टीकॅम म्हणजे नियम शोधायची खास मेमरी चिप.) दावा असा: "पॅकेट वर्गीकरणाच्या पद्धतींची तुलना करायला एक आकडा पुरतो, सेकंदाला किती पॅकेट. दहा हजार रँडम नियम बनवा, पॅकेट सोडा, ज्याचा आकडा मोठा ती पद्धत भारी. पैसे असतील तर टीकॅम घ्या, विषय संपला." यावर विसंबून कुणी प्रोजेक्ट किंवा खरेदी करू नये, म्हणून लिहितोय.

"रँडम नियम चालतात." इथेच सगळी चाचणी बिघडते. पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोन पोर्ट (दोन्हीकडची सेवा ओळखायचे क्रमांक) आणि प्रोटोकॉल या पाच गोष्टी बघून पॅकेटला कुठला नियम लागतो ते ठरवायचं, हे वर्गीकरण. माणसांनी लिहिलेल्या नियमांना एक घडण असते: तेच ते पत्ते पुन्हा येतात, नियम एकमेकांवर चढलेले असतात, कित्येकांत पत्त्याच्या जागी 'कुठलाही' असतं. हायकट्ससारखी झाडाची पद्धत (गुप्ता आणि मॅककियन, 1999) झाडाला फांद्या फुटाव्यात तसे सगळ्या शक्य पत्त्या-पोर्टांचे तुकडे पाडत जाते आणि नियम त्या फांद्यांत वाटते. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर 16 तुकडे पाडले, की 'कुठलाही' वाला नियम सोळाही फांद्यांत उतरवावा लागतो. पुढच्या पायरीवर तसंच केलं तर त्याच एका नियमाच्या 256 प्रती. फायरवॉलच्या नियमांत असे नियम भरपूर, म्हणून तिथे मेमरी फुगते. पत्ते रँडम आणि नेमके असलेल्या यादीत हे दिसणारच नाही. म्हणून तर टेलर आणि टर्नर यांनी क्लासबेंच केलं: खऱ्या 12 नियमसंचांची घडण मोजून तशाच घडणीचे नवे संच तयार करणारं साधन. त्यात ॲक्सेस लिस्ट (कुणाला जाऊ द्यायचं त्याची यादी), फायरवॉल आणि आयपी चेन (लिनक्समधल्या नियमांच्या साखळ्या) असे तीन प्रकार वेगळे ठेवलेत, कारण एका प्रकारावर पुढे असलेली पद्धत दुसऱ्यावर मागे पडू शकते. प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी निदान हे तीन प्रकार वेगवेगळे चालवून दाखवावेत.

"सेकंदाला किती पॅकेट हा आकडा पुरतो." कसली पॅकेट? 10 गिगाबिटच्या लाइनवर 64 बाइटच्या फ्रेम (लाइनवरून जाताना पॅकेटचं रूप) सोडल्या तर सेकंदाला सुमारे 1 कोटी 48 लाख 80 हजार येतात, म्हणजे एकेकीला 67 नॅनोसेकंद. 1518 बाइटच्या सोडल्या तर फक्त आठ लाखांच्या आसपास. '10 गिगाबिट पेललं' हे वाक्य दोन्हीकडे खरं, काम मात्र अठरा पट कमीजास्त.

दुसरं, त्या पॅकेटांत कनेक्शन वेगवेगळी किती होती? मोजकीच फिरवत ठेवली तर लागणारा सगळा डेटा प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्याजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, बसतो आणि कुठलीही पद्धत वेगवान दिसते. कनेक्शन वाढली, मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं, तर तिथल्या एकाच फेरीत ते 67 नॅनोसेकंद जवळपास संपतात. म्हणून सरासरीच्या शेजारी सर्वांत वाईट वेळ छापलीच पाहिजे.

नियम बदलण्याचा खर्च मेसेजमध्ये कुठेच नाही. ओपन व्हीस्विच या व्हर्च्युअल मशीन जोडणाऱ्या सॉफ्टवेअर स्विचने टपल स्पेस सर्च ही पद्धत घेतली. तिच्यात दर पॅकेटला अनेक हॅश टेबलं (किल्लीवरून नोंद थेट सापडते असे तक्ते) धुंडाळावी लागू शकतात, म्हणजे निव्वळ शोधाच्या शर्यतीत ती मागे पडू शकते. तरी घेतली, कारण नवा नियम घालणं म्हणजे एका हॅश टेबलात एक नोंद. काटेकोर बांधलेल्या झाडात तोच नियम बऱ्याच फांद्यांना हात लावतो, कधी झाड नव्याने बांधावं लागतं. जिथे व्हर्च्युअल मशीन सतत येतात-जातात, तिथे निवड यावरच ठरते.

"टीकॅम घ्या, विषय संपला." टीकॅम सगळ्या नोंदी एकाच वेळी तपासते, हे खरं. पण ती 0, 1 आणि 'काहीही' एवढंच ओळखते, 'इथपासून इथपर्यंत' तिला थेट सांगता येत नाही. 1024 ते 65535 हा रोजच्या वापरातला पोर्टचा पल्ला घ्या. तो 1024–2047, 2048–4095 असा दुपटीदुपटीने फोडावा लागतो, सहा तुकडे होतात. दोन्ही पोर्टांना तोच पल्ला असेल तर एका नियमाच्या 36 नोंदी. 1 ते 65534 असेल तर एका पोर्टचे 30 तुकडे, दोन्हींचे मिळून 900. शिवाय ही चिप महाग आणि वीजखाऊ. काही स्विच पल्ल्यांसाठी वेगळी सोय देतात, पण तिलाही मर्यादा असते. तेव्हा विक्रेत्याने '4 हजार नोंदी' सांगितलं, की आपले नियम फोडल्यावर किती नोंदी होतात ते आधी मोजा.

आणि वेग मोजण्याच्याही आधीची गोष्ट. एका पॅकेटला अनेक नियम लागू होतात, तेव्हा सर्वांत वरच्या प्राधान्याचा नियमच निवडला गेला पाहिजे. जो नियम आधी सापडला तिथेच थांबणारा कोड वेगवान धावतो आणि चुकीचं उत्तर देतो. यादी वरून खाली सरळ तपासून येणारं उत्तर प्रत्येक पॅकेटला जुळतंय का, हे बघायला वीसेक ओळींचा कोड लागतो. मेसेजमधल्या कृतीत ही पायरीच नाही.