फुल सीट कोणाला?

मोठ्या कंपनीत डिझाइनचं सॉफ्टवेअर कोण निवडतं? डिझायनर? बरं, तसं समजा. मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत डिझाइन टीम सांभाळतो आणि आमच्याकडे त्यासाठी कमिटी बसते. कमिटीत प्रोक्युरमेंट म्हणजे खरेदीवाले, फायनान्स, इन्फोसेक म्हणजे माहितीच्या सुरक्षेवाले, आयटी, लीगल आणि जर्मनीहून व्हिडिओवर दिसणारे एक गृहस्थ, ज्यांचं डिपार्टमेंट कोणतं ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही आणि विचारायची हिंमतही कोणी केली नाही. यातल्या एकानेही आयुष्यात स्क्रीनवर साधा चौकोन काढलेला नाही. लग्नाचा मेनू ठरवायला घरातले सगळे डायबिटीसवाले बसवावेत तसा प्रकार, बासुंदीचं नाव काढलं की आधी रिपोर्ट काढतात.

गरज मात्र खरी होती. पुण्याची टीम एका टूलमध्ये, बंगळुरूची दुसऱ्या, आणि बिझनेस ॲनालिस्ट मंडळी पॉवरपॉइंटमध्ये, कारण ते सगळ्यांच्या लॅपटॉपवर असतंच. आमचा क्लायंट एक बँक, तिथले साहेब तर थेट एक्सेलमध्ये स्क्रीन काढून पाठवायचे. सेल मर्ज करून त्यात पिवळा रंग भरायचा, आत ‘सबमिट’ लिहायचं आणि शेजारच्या सेलमध्ये लाल अक्षरात टीप, ‘बटन एवढ्याच साइजचे हवे’. परिणामी एकाच बँकेच्या ॲपमध्ये तीन वेगवेगळे निळे रंग, आणि तिन्ही कोणी ना कोणी अप्रूव्ह केलेले, मेलसकट.

तर कमिटी बसली आणि प्रोक्युरमेंटच्या साहेबांनी कंपॅरिझन शीट उघडली. आडव्या रांगेत टूलची नावं, खाली निकष, शेजारी वेटेज. डिझाइनला वेटेज दहा टक्के. मी म्हटलं सर डिझाइनचं टूल आहे ना हे, तर ते म्हणाले म्हणून तर दहा दिलंय, एचआरच्या सॉफ्टवेअरला डिझाइनचे दोनच होते.

स्केच नावाचं टूल पहिल्याच मीटिंगमध्ये गेलं. 2010 पासूनचं, चांगलं, पण डिझाइन करायचं ते फक्त मॅकवर, आणि आमच्याकडे मॅक मागवायचा तर व्हीपींची सही लागते आणि व्हीपी स्वतः विंडोजवर, ते का म्हणून सही करतील. पेनपॉटवर जरा वेळ गेला. स्पेनमधल्या कंपनीचं, ओपन सोर्स, आपल्याच सर्व्हरवर टाकता येतं, इन्फोसेकच्या मॅडमचा चेहरा पहिल्यांदा खुलला. फायनान्सवाल्या साहेबांनी विचारलं किती पडेल, मी म्हटलं लायसन्सचं काही नाही, सर्व्हरचा काय तो खर्च. आता कोणीही खूश होईल ना? साहेब गंभीर झाले. फुकट कसं? मग अडलं तर फोन कोणाला करायचा? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, कशाचा काढायचा? सिस्टीममध्ये रकमेच्या रकान्यात शून्य टाकलं की पुढचं पानच उघडत नाही. पेनपॉट तिथेच राहिलं, परवडत असूनही.

यूएक्सपिन या टूलमधली मर्ज नावाची सोय मला स्वतःला आवडली होती, डेव्हलपरने कोडमध्ये बनवलेलं बटन आहे तसं डिझाइनमध्ये ओढायचं, म्हणजे आम्ही एक काढायचं आणि त्यांनी दुसरंच बनवायचं हा रोजचा तमाशा मिटला. पण त्याची सगळी मजा कोड रिॲक्टमध्ये लिहिला असेल तर, आणि आमचं निम्मं काम अँग्युलर या दुसऱ्याच पद्धतीत, उरलेलं जुन्यापुराण्या जेएसपीमध्ये, ज्याला हात लावायला आता फक्त एक माणूस उरलाय आणि तो पुढच्या वर्षी रिटायर होतोय.

मग फिग्मा. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहा घेताना आमच्या सगळ्या डिझायनर पोरापोरींनी एका सुरात हेच नाव घेतलं होतं. ब्राउझरमध्ये उघडतं, मॅक-विंडोजचं भांडण नाही, एकाच फाइलमध्ये सगळे एकदम. पण एवढ्या सरळ रस्त्याने गेलं तर कमिटीचं काय? आणि तेवढ्यात, म्हणजे 2022 च्या सप्टेंबरात, बातमी आली की ॲडोबी फिग्माला वीस अब्ज डॉलरला विकत घेतंय. प्रोक्युरमेंटचे साहेब अक्षरशः उठून उभे राहिले. अहो आपलं ॲडोबीशी कॉन्ट्रॅक्ट आहेच की! थांबा, हे आपोआप त्यात येणार. झालं. आम्ही थांबलो. युरोपातले आणि ब्रिटनचे नियामक त्या सौद्याची चौकशी करतायत आणि इकडे हिंजवडीत आम्ही थांबलोय. दर रिव्ह्यूला शीटमध्ये एकच शेरा, ‘अवेटिंग मर्जर’. शेवटी 2023 च्या डिसेंबरात सौदा मोडला. मोडला म्हणून ॲडोबीने फिग्माला एक अब्ज डॉलर दिले. आम्हाला थांबल्याबद्दल कोणी चहासुद्धा पाजला नाही.

फायनान्सवाल्या साहेबांची मी इथे थट्टा करतोय खरा, पण त्यांचा एक प्रश्न असा होता की मला उत्तर देता येईना. हे टूल पाच वर्षं राहील का? मी आपला घाईघाईत हो म्हणणार, तर लक्षात आलं की माझीच कारकीर्द बंद पडलेल्या सॉफ्टवेअरांवर उभी आहे. सुरुवात केली फायरवर्क्सवर, ते मॅक्रोमीडियाचं, 2005 मध्ये ॲडोबीने मॅक्रोमीडियाच घेतली आणि 2013 मध्ये फायरवर्क्सचं काम थांबवलं. मग ॲडोबीचंच एक्सडी शिकलो, मन लावून शिकलो, शॉर्टकट पाठ, 2023 मध्ये तेही सुटं विकणं बंद. आणि इनव्हिजन, एके काळी क्लायंटला प्रोटोटाइप पाठवायचा म्हणजे इनव्हिजनचीच लिंक, त्याने 2024 च्या 31 डिसेंबरला शटर ओढलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे तुम्ही जे शिकता ते बंद पडतं?’

इन्फोसेकच्या मॅडमची प्रश्नावली वेगळीच. व्हेंडरने भरायची एक्सेल, माउस फिरवून बोट दुखेल इतकी लांब, त्यात डेटा सेंटरला कंपाउंड वॉल आहे का इथपर्यंत. एसओसी टू, आयएसओ 27001 हे सिक्युरिटीचे ठप्पे आहेत का, आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचं काय, माहिती कोणत्या देशात राहते. एसएसओ पाहिजेच, म्हणजे कंपनीच्याच लॉगिनने आत जायचं, आणि गंमत अशी की बहुतेक टूलवाले ही सोय नेमकी महागड्या प्लॅनमध्ये ठेवतात, मोठ्या कंपनीला त्याच्यावाचून भागत नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. मी जरा वैतागून म्हटलं मॅडम, चार चौकोन आणि एक बटन काढायचं, त्याला एवढी सिक्युरिटी? त्यांनी वाद घातला नाही. बंगळुरूच्या टीमची ट्रायलवाली एक फाइल मोठ्या स्क्रीनवर उघडली. फाइलमध्ये एक हिरवा कर्सर फिरत होता, खाली नाव. मॅडम म्हणाल्या हा कोण? तो बाहेरच्या एजन्सीचा मुलगा, कधीच नोकरी सोडून गेलेला, जीमेलच्या अकाउंटने बसला होता आणि आमच्या डोळ्यांसमोर त्याने लॉगिन स्क्रीनचा एक कोपरा झूम करून बघितला. खोलीत कोणी बोलेना. मी एसएसओबद्दल पुन्हा तोंड उघडलं नाही.

डेमो हा आणखी एक सोहळा. कोणत्याही व्हेंडरचा डेमो बघा, पिझ्झा मागवायचं ॲप नाहीतर गाण्याचं ॲप. मोठे फोटो, गोल कोपरे, तीन शब्द. आणि मग हातचलाखीचा क्षण: ‘आता मी इथे बटनाचा रंग बदलते, आणि बघा, सगळ्या स्क्रीनवर बदलला!’ कमिटी टाळ्या वाजवते. आमचे डायरेक्टर साहेब तर पुढे सरकून म्हणाले परत करा, परत करा. मी म्हटलं ताई, आमची कर्जाची स्क्रीन दाखवतो, कर्जदार, सहकर्जदार, जामीनदार, तिघांचे पत्ते दोन-दोन, कर्जदार एनआरआय असेल तर खालचा सेक्शन लपतो, मेकरने म्हणजे भरणाऱ्याने भरलं की चेकरला म्हणजे तपासणाऱ्याला फक्त वाचता येतं, हे करून दाखवता का. ताई हसल्या, म्हणाल्या हे आपण ऑफलाइन घेऊ. अशा अटी-शर्तीच्या कामात ॲक्शर नावाचं टूल वर्षानुवर्षं तरबेज आहे, फिग्मातही 2023 मध्ये व्हेरिएबल आणि ‘असं असेल तर तसं’ आलं, पण डेमोत ते कोणी काढत नाही, त्याला टाळ्या पडत नाहीत.

मराठीची चाचणी आमच्या ज्युनियरने घेतली, कमिटीला न विचारता. पूर्वी एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग बदललं नाही की ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसायची आणि जोडाक्षरं सुटी व्हायची, ते बघून बँकेचे साहेब फोनवर ओरडलेले, त्यामुळे तिने प्रत्येक टूलमध्ये ‘निश्चित करा’ आणि ‘कर्जाची रक्कम’ टाइप करून मुक्ता फॉन्टमध्ये बघितलं. रफार बटनाच्या वरच्या कडेला घासतो का, वेलांटी कापली जाते का. पूर्ण प्रक्रियेत टूल प्रत्यक्ष वापरून बघितलेली ती एकटीच. शीटमध्ये तिच्यासाठी रकाना नव्हता, मग ‘रिमार्क्स’मध्ये टाकलं.

अखेर 2025 च्या जुलैत फिग्मा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात लिस्ट झाली आणि फायनान्सवाल्या साहेबांचा जीव भांड्यात पडला, आता ताळेबंद तरी बघता येईल म्हणाले. सही करताना हळूच मला विचारलं, भारतातून घेता येतो का हो तो शेअर?

मग सीटवाटप, सीट म्हणजे एका माणसाचं लायसन्स. फुल, डेव्ह, कोलॅब आणि व्ह्यू असे प्रकार, फुल सगळ्यात महाग, म्हणून मोजून घेतलेल्या. पहिली फुल सीट अर्थातच डायरेक्टर साहेबांना, हायरार्की आहे शेवटी. ज्युनियरला व्ह्यू, पुढच्या बजेटमध्ये बघू. म्हणजे तिने फक्त बघायचं आणि सुचेल ते पॉवरपॉइंटमध्ये काढायचं.

परवा दुपारी जेवणानंतर डायरेक्टर साहेबांनी कुतूहल म्हणून लायब्ररीची फाइल उघडली, म्हणजे सगळ्यांच्या फाइलमधली बटनं जिथून येतात ती, मूळ बटनावर क्लिक केलं, रंगाच्या चौकटीत बोट इकडचं तिकडे झालं, आणि समोर ‘पब्लिश’ दिसलं ते दाबलं. पुणे, बंगळुरू, जर्मनी, सगळ्यांच्या फाइलमध्ये अपडेटची खूण आली, कोणीतरी सवयीने ‘अपडेट ऑल’ केलं. चार वाजता बँकेसोबत रिव्ह्यू. स्क्रीन शेअर केली तर कर्जाचे सगळे फॉर्म, चेकरचं पान, लॉगिन, सगळीकडे बटन शेंदरी. मी म्यूट करून घाम पुसतोय तोवर चॅटमध्ये डायरेक्टर साहेबांचा मेसेज, ‘रंग फ्रेश वाटतोय, कोणी केला? त्याला कळवा.’