निगेटिव्ह चाचणीवर विसंबून निघू नका

‘निघण्याआधी चाचणी निगेटिव्ह आली की दोन दिवसांच्या सहलीला हरकत नाही’ हे साथीच्या काळातल्या प्रवासावरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. कोविड-१९ च्या सुरुवातीला लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ५ दिवस लागायचे, कधी १४ सुद्धा. लागणीनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत नाकातल्या नमुन्यात विषाणू इतका कमी असतो की चाचणीत सापडतच नाही. आणि लक्षणं दिसण्याच्या दोनेक दिवस आधीपासूनच माणूस इतरांना लागण देऊ लागतो. म्हणजे नेमका सहलीचाच काळ! घरात वयस्कर किंवा मधुमेही माणूस असेल तर सरळ बेत रद्द करा.

जायचंच असेल तर स्वतःच्या गाडीने, एकाच घरातल्यांनी. बाहेरचं कुणी बरोबर असलंच, तर एसी बाहेरची हवा घेण्यावर ठेवा आणि तिरक्या कोपऱ्यांतल्या दोन काचा चार बोटं खाली करा. एन-९५ मास्कची नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवा. चष्म्यावर वाफ धरली तर वरून हवा गळतेय. साथ जाहीर झाल्यावर काढलेल्या प्रवास विम्यात बहुधा तीच साथ वगळलेली असते, अटी वाचूनच पैसे भरा. रोजच्या गोळ्या मात्र दोन आठवड्यांच्या जास्तीच्या घ्या, वाहतूक रातोरात बंद होऊ शकते.