क्रूझच्या सहलीला दोन स्टार देणाऱ्या सरांना आमचं उत्तर

सर, नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री दुकान बंद करताना वाचला. तुम्ही लिहिलंत की खिडकी नसलेल्या खोलीत कोंबलं, काकूंना पहिली पूर्ण रात्र ओकाऱ्या झाल्या, गोव्यात जेमतेम पाच तास मिळाले, उन्हात लाइफ जॅकेट घालून उभं केलं, आणि 'सगळं त्यातच आहे' म्हणून सांगितलेलं असताना शेवटच्या सकाळी हातात बिल पडलं. शेवटी विचारलंत, 'वरूडच्या एजंटाला पैसे घेताना हे सांगता आलं नाही का?'

सांगता आलं असतं, सर. थोडं सांगितलं, बरंच राहून गेलं. चूक माझी आहे आणि ती इथे सगळ्यांसमोर मान्य करतो.

मी इतकी वर्षं चारधाम, अष्टविनायक, पंढरपूरच्या गाड्या नेतो. त्यात गाडी म्हणजे नुसती पोचायची सोय असते, खरी सहल ठिकाणावर होते. क्रूझमध्ये हे उलटं असतं. जहाज हीच सहल. गोवा हा मधला एक थांबा. मी मात्र तुम्हाला 'मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री' असं बसच्या सहलीसारखं समजावलं. तुम्ही गोवा बघायला निघालात, तर पाच तास कमी वाटणारच. त्यात जहाज लागतं मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोला. तिथून तुमची टॅक्सी कळंगुटला गेली. जायचे दीड तास, यायचे दीड तास, आणि जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी परत आत हजर व्हावं लागतं. बोगमाळोचा किनारा बंदरापासून जवळ आहे. तिथे नातवंडं निवांत खेळली असती. हे मला माहीत होतं, पण तुम्हाला निघताना सांगायचं सुचलं नाही.

आता खोलीबद्दल. तुम्हाला मिळाली ती इनसाइड केबिन. जहाजात खोल्यांचे साधारण चार प्रकार असतात: आतली बिनखिडकीची, समुद्राकडे बंद काच असलेली, बाल्कनीची आणि मोठा सूट. आतली सगळ्यात स्वस्त. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा अशाच खोलीत होतो. दिवा बंद केला की हाताला हात दिसत नाही. सकाळी रात्रच समजून कूस बदलली आणि घड्याळ पाहिलं तर साडेनऊ वाजलेले. ज्याला झोपण्यापुरती खोली हवी आणि दिवसभर डेकवर राहायचं आहे, त्याला ती चालते. पण आयुष्यभर अंगणात खाट टाकून झोपलेल्या माणसाला तिथे जीव गुदमरल्यासारखा होतो. तुमचं घर मी पाहिलेलं आहे. मला हे कळायला हवं होतं.

यापेक्षा मोठी चूक दुसरी आहे. पैसे वाचावेत म्हणून मी 'गॅरंटी' प्रकारात बुकिंग केलं. यात खोलीचा फक्त प्रकार ठरतो, नेमकी कोणती खोली द्यायची ते कंपनी नंतर ठरवते. तुम्हाला मिळाली वरच्या डेकवर, म्हणजे वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाची. सर, शाळेतल्या सी-सॉवर टोकाला बसलेलं पोरगं किती वर-खाली होतं आणि मधे बसलेलं किती, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. जहाजाचं तसंच आहे. खालच्या डेकवर आणि मधोमध असलेली खोली सगळ्यात कमी हलते. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी स्टॅबिलायझरचे पंख असतात. ते डावी-उजवी डुलणं कमी करतात. पुढून-मागून होणारं वर-खाली त्यांना फारसं आवरत नाही. काकूंना त्या रात्री तेच सोसावं लागलं.

वेळही चुकली. तुम्ही गेलात मेच्या चौथ्या आठवड्यात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ हे त्यामागचं मोठं कारण, पण तेव्हा समुद्रही खवळलेला असतो आणि त्याची चाहूल मे संपता संपताच लागते. नातवंडांच्या सुट्ट्या तेव्हाच, म्हणून मीही 'नाही' म्हणालो नाही. डिसेंबर-जानेवारीत समुद्र बराच शांत असतो.

मळमळीची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते. एकदा ओकारी सुरू झाली की गोळी पोटात राहतच नाही. मग जहाजावरच्या डॉक्टरांकडे जायचं, आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. तुमच्या बिलात ती ओळ आहे. काकूंना बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा कोणती गोळी चालेल हे इथल्या डॉक्टरांना विचारूनच निघायला हवं होतं. कानाच्या आतल्या भागाला हालचाल कळते आणि डोळ्यांना बंद भिंत स्थिर दिसते. या दोघांचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळतं. डेकवर येऊन दूर क्षितिजाकडे पाहिलं की बरं वाटतं. बिनखिडकीच्या खोलीत क्षितिज कुठून दिसणार?

बिलाचं सांगतो. खोली, मुख्य हॉलमधलं जेवण, कार्यक्रम, पोहण्याचा तलाव हे तिकिटात होतं. नातवंडांचे कोल्ड्रिंक, वायफाय आणि वरच्या वेगळ्या रेस्टॉरंटमधलं जेवण तिकिटात नव्हतं. जहाजात रोख चालत नाही, सगळं खोलीच्या कार्डावर चढतं, त्यामुळे खर्च होताना हातात कळत नाही. 'सगळं त्यातच आहे' हे शब्द माझेच होते. मी ते बोलायला नको होते. मुलाच्या मोबाइलचं बिल हा वेगळा विषय आहे. किनारा दूर गेला की फोन जहाजावरचं सॅटेलाइटचं नेटवर्क धरतो, आणि त्याचे दर फार जबर असतात. जहाज सुटलं की फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, एवढं एक वाक्य मी सांगायला हवं होतं.

काकूंच्या दशम्यांचा डबा तपासणीत काढून ठेवला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मुलाकडून कळलं. घरचं शिजवलेलं आत नेता येत नाही, हे बुकिंगच्या कागदावर बारीक इंग्रजीत छापलेलं होतं. पहाटे उठून केलेल्या दशम्या होत्या त्या. याचं मला सगळ्यात वाईट वाटलं.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, सर. लाइफ जॅकेटची ती कवायत वेळेचा अपव्यय नव्हती. टायटॅनिक 1912 मध्ये बुडालं, त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तरीही पुढे बरीच वर्षं ही कवायत निघाल्यापासून 24 तासांत घेतली तरी चालत असे. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं आणि 32 माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तेव्हा व्हायची होती. म्हणून 2015 पासून ती निघायच्या आधी किंवा निघाल्याबरोबर घेणं बंधनकारक झालं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा, हे तुमच्या नातीला आज पाठ आहे. तिने मला दुकानात म्हणून दाखवलं. तो अर्धा तास कुणी टाळू नये.

आता मी काय करतो ते सांगतो. तुमच्या बुकिंगवर मी घेतलेला माझा चार्ज पूर्ण परत करतो. तो कंपनीचा नाही, माझा आहे, त्यामुळे कुणाला विचारायची गरज नाही. मोबाइल बिलाची तक्रार मुलाच्या नावाने मी लिहून देतो. कमी होईलच असं वचन देत नाही. खोली कुठे असते, काय तिकिटात येतं, काय नाही, काय न्यायचं, काय नाही, हे सगळं मोठ्या अक्षरात मराठीत एका कागदावर लिहून काढलंय. आता तो कागद गिऱ्हाइकाला वाचून दाखवल्याशिवाय मी ॲडव्हान्स घेत नाही.

काल आपल्याच तालुक्यातलं एक संत्रा बागायतदार कुटुंब डिसेंबरच्या क्रूझची चौकशी करायला आलं होतं. आधी कुणी गेलं होतं का, असं त्यांनी विचारलं. तुम्हाला विचारल्याशिवाय तुमचं नाव सांगितलं नाही. पण तुमचा हा अभिप्राय त्यांना मोबाइलवर पूर्ण वाचायला दिला. वाचून झाल्यावर त्यांनी खालच्या डेकची, मधली, काचेची खोली मागितली.

रविवारी दुपारपर्यंत दुकानात आहे. काकूंनाही घेऊन या.